पाहिलेल्या चित्रपटाविषयी मत कसे सांगावे?



सोमवारी सकाळी प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी शाळेच्या पटांगणात घटकाभर उभे राहिले, तर एक प्रश्न हटकून कानांवर येतो : "पाहिलास का? कसा आहे?" प्रश्न मोजक्या शब्दांचा, आणि उत्तर त्याहूनही तोकडे. "मस्त!" किंवा "बोअर!" एवढ्या एका शब्दात अडीच तासांच्या चित्रपटाची व त्यामागे राबलेल्या शेकडो माणसांच्या श्रमाची बोळवण होते. विचारणारा त्या शब्दावर विसंबून घरी हट्ट धरतो, वडील तिकिटे काढतात, सारे कुटुंब रविवारची संध्याकाळ खर्च करते, आणि तरीही त्या 'मस्त' शब्दात नेमके काय साठविले होते याचा उलगडा कोणासच होत नाही.

कवितेचे रसग्रहण कसे करावे हे आम्ही शिक्षक तुम्हांस वर्षानुवर्षे शिकवितो. कवीने कोणती उपमा योजली, ती तेथेच का योजली, तिच्यावाचून काय उणे पडले असते, हे प्रश्न तुम्हांस पाठ आहेत. परंतु कवितेच्या पुस्तकासमोर तुम्ही जितका वेळ बसता, त्याच्या कितीतरी पट वेळ पडद्यासमोर बसता, मग तो पडदा चित्रगृहाचा असो, घरच्या दूरचित्रवाणीचा असो, की तळहाताएवढ्या मोबाइलचा असो. त्या वेळाचे रसग्रहण मात्र कोणत्याही तासाला होत नाही. ती उणीव थोडीबहुत भरून काढावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद मनाशी पक्का करावा. आवड निराळी आणि मत निराळे. आवडीला कारण लागत नाही. एखाद्यास कारल्याची भाजी आवडते, एखाद्यास आवडत नाही. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मताला मात्र कारण लागते. 'मला आवडला' असे म्हणणारा स्वतःविषयी बोलतो. 'चांगला आहे' असे म्हणणारा चित्रपटाविषयी बोलतो, आणि चित्रपटाविषयी बोलावयाचे तर चित्रपटातील पुरावा पुढे ठेवला पाहिजे. तिसरी पायरी शिफारशीची. 'तू जरूर पाहा' असे म्हणणे म्हणजे एका परीने जामीन राहणेच होय. दुसऱ्याचे पैसे, दुसऱ्याचा वेळ आणि क्वचित दुसऱ्याच्या लहान भावंडाची रात्रीची झोप आपण आपल्या शब्दावर पणास लावीत असतो.

या तिन्ही पायऱ्या एकाच माणसाने चढल्याचे आपल्याकडील सर्वांत जुने उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, छायाचित्रण व छपाई या विद्या त्यांनी हस्तगत केल्या होत्या. छापखान्याच्या धंद्यातून ते बाहेर पडले होते आणि वयाची चाळिशी गाठली होती. अशा वेळी, १९१०-११ च्या सुमारास, मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्र दाखविणारा एक विदेशी मूकपट पाहिला. प्रभू येशूच्या आयुष्यातील प्रसंग पडद्यावर सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्ण, गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती शाळेच्या अंकात हा प्रसंग सांगताना मला विशेष संतोष वाटतो तो एवढ्याचसाठी की, एका धर्माची कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसास आपल्याच कथांची नव्याने ओढ लागावी, हे चांगल्या कलाकृतीचे उत्तम लक्षण आहे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यापुढची आहे. फाळके तोच चित्रपट पुन्हा पाहावयास गेले, आणि या खेपेस पत्नी सरस्वतीबाई यांस बरोबर घेऊन गेले. आपणांस जे दिसले ते दुसऱ्याच्याही डोळ्यांना दिसते की नाही, हे ताडून पाहण्याचा याहून सरळ मार्ग नाही. त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा सपाटाच लावला. पडद्यावर दिसते ते कसे घडते, यंत्र कसे चालते, याचा ध्यास घेतला. इतका की डोळ्यांवर ताण पडून त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. १९१२ साली विम्यावर कर्ज काढून ते इंग्लंडला गेले आणि कॅमेरा व इतर सामग्री घेऊन परत आले. येथे भांडवल देणाऱ्याची खात्री पटवावयाची होती. त्यासाठी त्यांनी मोठे व्याख्यान दिले नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसविला, आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत महिनाभरातील रोपाची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली. बी फुटते, कोंब वर येतो, वेल पसरतो! पाहणाऱ्याची शंका फिटली. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. स्त्रिया काम करण्यास तयार होईनात, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. चित्रफितीच्या कामात आणि मंडळींच्या जेवणखाणात सरस्वतीबाईंचे हात राबत होते. ही सारी हकीकत परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या २००९ सालच्या चित्रपटात मोठ्या खेळकरपणे आली आहे. नंदू माधव यांनी त्यात फाळके साकारले आहेत. आठवी-नववीच्या मुलांनी तो अवश्य पाहावा, अशी माझी शिफारस आहे, आणि तिचे कारणही देतो : कर्जबाजारीपणा, थट्टा, आजार हे सारे त्यात आहे, पण कोठेही रडगाणे नाही, एका कुटुंबाने मिळून केलेला उद्योग असेच त्याचे स्वरूप आहे.

आता प्रत्यक्ष मत लिहिण्याकडे वळू. 'श्वास' हा २००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. 'श्यामची आई'नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले ते यालाच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने त्याविषयी पुढीलप्रमाणे लिहिले : 'हा चित्रपट खूप छान आहे. त्याची कथा हृदयस्पर्शी आहे. सर्व कलाकारांनी उत्तम अभिनय केला आहे. सर्वांनी एकदा तरी पाहावा.' व्याकरण शुद्ध, अक्षर सुवाच्य. तरीही मी यास दहापैकी तीनच गुण देईन. कारण यातील 'श्वास' हे नाव काढून तेथे दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाचे नाव घातले, तरी ही चारही वाक्ये जशीच्या तशी उभी राहतात. जे वाक्य सर्वांना लागू पडते ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

तेच दुसऱ्याने असे लिहिले असे समजू : 'कोकणातील एका खेड्यातले आजोबा आपल्या लहानग्या नातवाचे डोळे दाखविण्यासाठी पुण्यास येतात. परशाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी हे त्या मुलास सांगितलेच पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. चित्रपटातील खरा ताण आजारात नसून या सांगण्यात आहे. आजोबांचे काम करणारे अरुण नलावडे ज्या प्रसंगी बोलत नाहीत, तेथेच ते मला अधिक पटले. रुग्णालयातील गडबड आणि गावाकडची हिरवी शांतता यांचा विरोध पाहताना, या मुलाचे काय काय पाहावयाचे राहून जाणार, हे कोणी न सांगताच कळते.' येथे प्रत्येक विधानामागे चित्रपटातील काहीतरी उभे आहे. कोणी याच्याशी असहमत झाला, तर त्याला कशाशी असहमत व्हावयाचे हेही ठाऊक आहे. असे मत चुकीचे ठरले तरी उपयोगी पडते.

पाहा, दुसऱ्या विद्यार्थ्याने शेवट सांगितला नाही. याविषयी दोन शब्द. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यास ध्रुवाचे पुढे काय झाले हे ठाऊकच असते, आणि तरीही तो रात्रभर बसतो. कारण तेथे रस 'काय झाले' यात नसून बुवा ते कसे सांगतात यात असतो. संतपटांचे व ऐतिहासिक चित्रपटांचेही तसेच. परंतु ज्या कथेचा जीव 'पुढे काय' या उत्सुकतेत आहे, तिचा शेवट मधल्या सुट्टीत चार मित्रांस सांगून टाकणे ही चोरीच होय, आणि ती शिक्षेस पात्र आहे असे मी गमतीने वर्गात सांगत असतो.

'श्वास'मधील ते डॉक्टर संदीप कुलकर्णी यांनी रंगविले आहेत. तेच नट लगेच २००५ साली निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मध्ये माधव आपटे होऊन आले. आपल्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्याने या चित्रपटाची वाखाणणी केली यात नवल नाही. गाडीचा तो लोंढा, डब्याच्या दाराशी लटकणारी माणसे, सकाळचा डबा आणि संध्याकाळचा शीण, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या वडिलांचे रोजचे जीवन आहे. माधव आपटे हा बँकेतील प्रामाणिक नोकर. नियमाने चालणारा. चहूबाजूंस चाललेली लबाडी सहन करता करता एके दिवशी त्याचा संयम सुटतो. बाटलीवर छापलेल्या किमतीहून जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी खटका उडतो, आणि माधवच्या हातात क्रिकेटची बॅट येते.

या चित्रपटावर वर्गात चर्चा घेतली, तर बहुतेक मुलगे एका सुरात म्हणतील, "बॅटचा प्रसंग एक नंबर!" मुली बहुधा गप्प राहतील, किंवा एखादी हळूच विचारील, "सर, मग त्याच्या बायकोचे काय?" मला विचाराल तर चर्चा या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होते. चित्रपट त्या बॅटचे कौतुक करतो, की तिची किंमत दाखवितो? याचे उत्तर 'मला वाटते' असे म्हणून देता येणार नाही. पुन्हा पाहावे लागेल. तोडफोडीनंतर कॅमेरा कोणाकडे वळतो? घरी माधवची वाट पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अभिमान आहे की भय? त्याच्या मागावर असलेल्या पोलीस अधिकाऱ्याच्या मनात काय चालले आहे? हे पाहिल्यावरही दोन विद्यार्थ्यांची मते भिन्न होऊ शकतील. एक म्हणेल, 'दिग्दर्शकाने माधवची बाजू घेऊन प्रेक्षकांच्या टाळ्या मिळविल्या.' दुसरी म्हणेल, 'टाळ्या आपण वाजविल्या, दिग्दर्शकाने आपणांस त्याबद्दल ओशाळे केले.' दोघांनाही मी पूर्ण गुण देईन, जर दोघांनीही प्रसंग सांगितले तर. माझे स्वतःचे मत दुसरीकडे झुकते. अमेरिकेत १९९३ साली निघालेल्या 'फॉलिंग डाऊन' या चित्रपटाशी याचे साम्य असल्याचे जाणकारांनी दाखवून दिले आहे. तेही खरे आहे, आणि तरीही आपल्या लोकलचा घाम यात अस्सल आहे, हेही तितकेच खरे. एक गोष्ट मान्य केल्याने दुसरी नाकारावी लागत नाही.

डोंबिवलीवर आणखी एक चित्रपट २०२२ च्या जानेवारीत निघाला : आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली'. पिशाच्चवत् माणसांचा हा विनोदी भयपट आहे. लहान मुलांस तो दाखवू नये एवढेच येथे म्हणतो.

आता मी अशा चित्रपटाकडे येतो की, ज्याविषयी मत देणे टेंभी नाक्याच्या मुलांस सर्वांत कठीण आहे, कारण तो टेंभी नाक्याचाच आहे. 'धर्मवीर : मुक्काम पोस्ट ठाणे' हा प्रवीण तरडे यांनी लिहून दिग्दर्शित केलेला चित्रपट १३ मे २०२२ रोजी प्रदर्शित झाला. शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे (निधन २००१) यांच्या जीवनावर तो आधारलेला असून दिघे यांची भूमिका प्रसाद ओक यांनी केली आहे. ज्या आनंद आश्रमात लोक आपली गाऱ्हाणी घेऊन रांगा लावीत, तो याच नाक्यावर आहे. नवरात्रात देवीच्या मंडपाकडे लोटणारी गर्दी तुम्ही दरवर्षी पाहता. तुमच्या आजोबांनी, कदाचित तुमच्या आईवडिलांनीही, त्यांस प्रत्यक्ष पाहिले असेल. तुम्ही मात्र त्यांच्या निधनानंतर जन्मलात. म्हणजे एकाच घरात एकाच चित्रपटाचे दोन प्रकारचे प्रेक्षक आहेत : आठवण असलेले आणि आठवण नसलेले.

अशा वेळी मत देताना माणूस आणि चित्रपट यांची गल्लत होते. 'दिघेसाहेबांनी आमच्या घरी मदत केली होती, म्हणून चित्रपट उत्कृष्ट' हे चित्रपटाविषयीचे मत नव्हे. ते कृतज्ञतेचे उद्गार आहेत, आणि त्यांचा मान राखला पाहिजे. त्याचप्रमाणे 'त्यांचे राजकारण आम्हांस मान्य नव्हते, म्हणून चित्रपट टाकाऊ' हेही मत नव्हे. दाढी, कपाळावरचा टिळा, चालण्याची ढब यांचे सादृश्य पाहून लोक थक्क झाले. परंतु रंगभूषा करणाऱ्याचे श्रेय किती आणि नटाचे किती, हे वेगळे काढता आले पाहिजे. चेहरा झाकला आणि केवळ आवाज ऐकला तर काय उरते? आवाज बंद केला आणि केवळ हालचाल पाहिली तर काय उरते? असा प्रयोग करून पाहावा. आणि चरित्रपटातील संवाद म्हणजे त्या व्यक्तीचे शब्द नव्हेत. ते लेखकाने लिहिलेले असतात. अनेक वर्षांचे आयुष्य तीन तासांत बसवावयाचे तर काय घ्यावे आणि काय गाळावे हे कोणीतरी ठरविलेले असते.

ते कोणी व केव्हा ठरविले, हे विचारणेही प्रेक्षकाचे कामच आहे. हा चित्रपट आला त्याच्या पुढच्याच महिन्यात महाराष्ट्राच्या राजकारणात मोठी उलथापालथ झाली, आणि ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. चित्रपटात त्यांचेही पात्र आहे. ते क्षितीश दाते यांनी केले. दुसरा भाग २७ सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीपूर्वी दोन महिने, पडद्यावर आला. या तारखा मी कोणास उणे लेखण्यासाठी देत नाही. राजकारणाचा वाद करण्याचे हे स्थळही नव्हे. परंतु तारखा माहीत असलेला प्रेक्षक आणि नसलेला प्रेक्षक यांस एकच प्रसंग निरनिराळा दिसतो, आणि दहावीच्या इतिहासात 'साधनाचा काळ पाहा' असे आम्ही शिकवितो ते चित्रपटासही लागू आहे. घरी विचारा : "आजोबा, हे असेच होते का?" उत्तर 'होय' आले, 'नाही' आले किंवा 'असेही होते आणि तसेही होते' असे आले, तरी ते वहीत लिहून ठेवावे. पडद्यावर न आलेले ठाणे त्या उत्तरात सापडेल. आजोबा आणखी वीस वर्षांनी उत्तर देण्यास असतीलच असे नाही.

गल्ल्यावरून मत बनविणारे पुष्कळ आहेत. 'शंभर कोटी केले म्हणजे चांगलाच असणार!' नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने २०१६ साली तोपर्यंतच्या सर्व मराठी चित्रपटांहून अधिक कमाई केली. त्याच्या आदल्या वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' चित्रगृहांत आला. त्यास सुवर्णकमळ मिळाले, पण 'सैराट'च्या गर्दीचा लहानसा अंशही त्याच्या वाट्यास आला नाही. दोन्ही चित्रपट एकाच समाजातील भिंतींविषयी बोलतात. एक गात-नाचत बोलतो आणि मग एकाएकी स्तब्ध करतो. दुसरा पहिल्यापासून संथ, जणू खरोखरीच्या न्यायालयात बाकावर बसवून ठेवतो. गल्ल्याचा आकडा किती लोक आले हे सांगतो, ते काय घेऊन घरी गेले हे सांगत नाही. तीच गत ताऱ्यांची. पाचपैकी साडेतीन तारे म्हणजे काय? अर्धा तारा कोणत्या प्रसंगापोटी कापला? शिवाय स्तुती विकतही मिळते, हे आता लपून राहिलेले नाही. यास्तव तारे मोजण्याऐवजी, ज्याने कारणे दिली आहेत असा एखादा परीक्षक धरावा आणि त्याची मते आपल्या अनुभवाशी ताडून पाहत जावे. नेहमी आपल्या उलट मत देणारा परीक्षकही मोठा उपयोगी असतो. त्याने नावे ठेवली की आपण निश्चिंतपणे तिकीट काढावे.

दूरचित्रवाणीविषयी थोडक्यात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी चाळीत एखादाच संच असे आणि त्याभोवती सारी चाळ बसे. 'गजरा', 'चिमणराव' हे कार्यक्रम एकाच वेळी सर्वांनी पाहिलेले असत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बोलण्यास विषय सामाईक असे. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी लागे, तेव्हा रस्ते ओस पडत. २०२० च्या टाळेबंदीत तेच पुन्हा दाखविले गेले आणि कित्येक घरांत तीन पिढ्या पुन्हा एका संचासमोर बसल्या. आता प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आहे आणि प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र आवाज. बापाने काय पाहिले ते मुलास ठाऊक नाही आणि मुलाने काय पाहिले ते बापास ठाऊक नाही. मतभेद होण्यासाठीसुद्धा आधी एकच गोष्ट दोघांनी पाहिलेली असावी लागते.

येथे पालकांस चार शब्द सांगावयाचे आहेत. चित्रपटास मिळणारे प्रमाणपत्र आपण सहसा वाचीत नाही. १९५२ च्या कायद्याखाली हे प्रमाणपत्र दिले जाते. 'यू' म्हणजे सर्वांस मुक्त, 'ए' म्हणजे केवळ अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांस. मधल्या 'यूए' वर्गात २०२३ च्या दुरुस्तीनंतर सात, तेरा व सोळा वर्षे अशा तीन पायऱ्या करण्यात आल्या आहेत. या पायऱ्या म्हणजे बंदी नव्हे. त्या वयाखालील मुलास दाखवावयाचे तर आईबापांनी विचार करून दाखवावे, अशी ती सूचना आहे. परंतु प्रमाणपत्र हिंसा व भाषा यांचे माप घेते, पाल्याच्या मनाचे घेत नाही. एखादे मूल भुताला भिणार नाही, पण पडद्यावरील आईचा मृत्यू पाहून आठवडाभर जेवणार नाही. हे आपणच जाणता. म्हणून मुलगा चित्रपट पाहून आला की, 'अभ्यास सोडून हेच धंदे!' असे म्हणण्यापूर्वी, त्यास एक प्रश्न विचारावा : "त्यातला कोणता प्रसंग तू असाच्या असा डोळ्यांपुढे आणू शकतोस?" आणि तो सांगेल ते मध्येच न तोडता ऐकून घ्यावे. ज्या मुलास घरी 'मला तो आवडला नाही' असे सर्वांच्या विरुद्ध बोलण्याची मुभा असते, ते मूल बाहेर 'सर्वांनी पाहिला, तूही पाहा' या आग्रहास सहजी बळी पडत नाही.

सुट्टीसाठी एक गृहपाठ देतो. घरातील वडीलधाऱ्या कोणासोबत तरी प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' पाहावा. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले, आणि १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद इतके तुकोबांच्या वळणाचे उतरले आहे की, पुष्कळांनी ते खरोखरच गाथेतील अभंग समजून गाइले. ते कोणते, हे ओळखून दाखवावे. गौरी यांनी केलेल्या जिजाईकडे विशेष लक्ष द्यावे. मूल तापाने फणफणलेले असता ती देवळात जाऊन प्रत्यक्ष विठोबावर वहाण उगारते. त्या क्षणी आपणांस तिचा राग येतो की तिची बाजू पटते, आणि तसे का वाटते, हे लिहावे. चमत्कारांचे प्रसंग त्या काळच्या तंत्राने कसे केले असतील, याचाही तर्क करावा. शेजारी बसलेल्या आजीला वा आजोबांना त्यातील काय आठवत होते आणि आज पाहताना काय निराळे वाटले, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. वीस ओळींहून अधिक नको. 'छान', 'मस्त', 'हृदयस्पर्शी' व 'अप्रतिम' हे चार शब्द वर्ज्य. जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात वह्या माझ्याकडे द्याव्यात.